हाताचे दोन फेरे

माझ्या पाठीमागे लोक मला मापवाली म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, कारण राग माझ्या नाकावर असतो आणि हातात बहुतेक वेळा पाना असतो. जुन्या ट्रॅक्टरची इंजिनं उघडायची, झिजलेलं काढून नवं घालायचं आणि जमेल तिथे पहिल्यापेक्षा जास्त ताकद काढून द्यायची, हा माझा धंदा. बाबांनी तो सुरू केला, मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि ते गेल्यावर वर्कशॉप माझ्याकडे आलं. एखादं गिऱ्हाईक सांगायला लागलं की इंजिन तसं ठणठणीत आहे, नुसत्या रिंगा बदला, की मी एवढंच विचारते, "मोजलंय का?" मग ते गप्प बसतं. कितीतरी मिस्त्र्यांची तोंडं मी ह्या एका प्रश्नाने बंद केली आहेत.

तर अशा ह्या मापवालीने काय करून ठेवलं ते ऐका.

माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, संत्र्यांची बाग करतात. बाग बाबांनी लावलेली. ती आहे चढावर आणि पाणी आहे तळाला, त्यामुळे वरच्या झाडांना ट्रॅक्टरला टँकर जोडून पाणी न्यावं लागतं. ट्रॅक्टरही बाबांचाच. त्यांनी झाडांच्या रांगा लावल्या त्याच ह्या ट्रॅक्टरच्या रुंदीने, दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून. आजचा दणकट ट्रॅक्टर त्या रांगांत घातला तर फांद्या मोडतात, आणि बारका घातला तर भरल्या टँकरने चढावर त्याची पुढची चाकं उचलली जातात. म्हणजे हवा हाच म्हातारा, आणि म्हाताऱ्याचा दम संपलेला. गेली दोन वर्षं तो अर्धा टँकर घेऊन धापा टाकत निघायचा आणि वळणावर बंद पडायचा. वरच्या चार रांगा वाळायला लागल्या होत्या. म्हणून त्याचं इंजिन उतरवून मी वर्कशॉपमध्ये आणलं होतं.

ताई हळवी नाही. "अर्धमेली झाडं बघत बसण्यापेक्षा खुंट बरे," ती मला फोनवर म्हणाली. "गुरुवारी करवतवाल्याला बोलावलंय. तोवर तुझं इंजिन भरला टँकर वर नेणार असेल तर झाडं राहतील. नाहीतर रडायचं नाही."

"माझं इंजिन? बाबांचं आहे ते."

"आता तुझ्या टेबलावर आहे ना? मग तुझं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

हे इंजिन मुळात रॉकेलवर चालायला बनवलेलं. रॉकेलला फार दाबलेलं सोसत नाही, म्हणून बनवणाऱ्यांनी आतला दाब बेताचाच ठेवला होता. मी त्याला पेट्रोलवर आणायचं ठरवलं. पेट्रोल दाबाल तितकं जोराने ढकलतं, अर्थात मर्यादेत. म्हणून मी मोठ्या व्यासाचे स्लीव्ह, म्हणजे पिस्टनची नळकांडी, बसवले, त्यांत उंच माथ्याचे नवे पिस्टन घातले, आणि वर झाकणासारखं बसतं ते हेड घासून पातळ केलं. पिस्टन पूर्ण वर आला की त्याच्या डोक्यावर किती जागा उरते, ह्यात सगळी गंमत आहे. जागा जास्त उरली तर ताकद नाही. कमी उरली तर पिस्टन हेडवर आपटतो आणि ब्लॉकसकट, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यासकट, सगळं भंगारात जातं. ह्या ट्रॅक्टरचा दुसरा ब्लॉक देव पाण्यात घालून बसले असते तरी मिळाला नसता.

दुसऱ्या कुणाचं इंजिन असतं तर मी चारही पिस्टन एकेक करून वर आणले असते आणि चौघांचं माप घेतलं असतं. पण हे बाबांचं होतं. ते इंजिन उघडलं की बाबा दर वेळी म्हणायचे, "ह्याचे चौघे भाऊ एका मापाचे. एकाचं माप घ्या आणि चौघांना सदरे शिवा." मी पहिल्याचं माप घेतलं आणि चौघांना सदरे शिवले. शितावरून भाताची परीक्षा. खरं सांगायचं तर बाबांच्या कामाला माप लावणं मला उद्धटपणाचं वाटलं. सगळ्या गावाला मोजायला लावणारी मी, माझ्याच दिव्याखाली हा एवढा अंधार.

गुरुवारी सकाळी इंजिन ट्रॅक्टरवर चढवून झालं होतं. बागेतल्या शेडमध्ये मी हेडच्या नटांना शेवटचा पीळ दिला, नवी बॅटरी जोडली, सीटवर बसले आणि स्टार्टरच्या बटणावर अंगठा ठेवला. समोर दाजी उभे होते. त्यांच्या हातात ट्रॅक्टरचं जुनं हॅण्डल होतं.

"थांब," ते म्हणाले. "हाताचे दोन फेरे."

दाजींना मी कासव म्हणते, तेही तोंडावर. ह्या माणसाला सकाळी प्रश्न विचारावा तर उत्तर दुपारी येतं. वरातीमागून घोडं. जेवताना विचारलं की मीठ बरोबर आहे का, तर ताटं घासून झाल्यावर सांगतात, "जरा कमी होतं." ते मी चालवून घेते. पण त्यांची एक खोड मला फार खुपायची. बाबा गेल्यापासून मी त्यांच्याकडे काहीही दुरुस्त केलं की ते हाताने फिरवून बघत. फवारणीचा पंप नीट केला, तर बटण दाबण्याआधी हाताने फिरवला. फाटकाची बिजागरी बदलली, तर उघडून, मिटून, परत उघडून बघितली. दुसऱ्या कुणा मिस्त्रीच्या कामाला ते असं करत नसत. फक्त माझ्याच. इतकी वर्षं मी हा अपमान गिळला, असं म्हणणार होते, पण गिळला नाही, दर वेळी चांगलं सुनावलं. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि परत फिरवायचे.

"दाजी, वर्कशॉपमध्ये लांब पाना लावून फिरवलंय मी."

"मग परत फिरवू."

"करवतवाला यायची वेळ झाली."

दाजी इंजिनाकडे वळले. त्यांनी चारही प्लग काढले, म्हणजे आतला दाब निघून जातो आणि हात हलका चालतो. काढलेले प्लग फडक्यावर ओळीने मांडले. मग हॅण्डल पुढून खोचलं आणि धरलं, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवून. बाबा तसंच धरायचे. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा वाचतो. मग त्यांनी फिरवायला सुरुवात केली, जात्यावर बसल्यासारखी, सावकाश. एका जागी ते थांबले. जरा मागे आले. परत पुढे गेले आणि परत तिथेच थांबले.

"इथे काहीतरी आहे."

"रिंगा आहेत. नव्या रिंगा घट्टच असतात."

"रिंगा सगळीकडे लागतात. हे एकाच जागी लागतंय. घासात खडा यावा तसं."

मी खाली उतरले, त्यांच्या हातातून हॅण्डल घेतलं आणि दोन्ही हातांनी गरकन फिरवलं. इंजिन फिरलं.

"बघा. फिरतंय की नाही?"

"तू ओढून नेलंस त्याला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दाजी, एक सांगा. बाबांनंतर ह्या घरात इंजिन कुणाला जास्त कळतं? मला की तुम्हाला?"

"तुला," ते म्हणाले. त्यांनी बॅटरीची तार सोडवली, पाना खिशात घातला आणि ते खांबाला टेकून उभे राहिले.

तेवढ्यात ताई शेडच्या दारात आली. तिच्या मागे करवतवाला होता, खांद्यावर यंत्राची करवत घेतलेला. "शहाणं कोण ते नंतर ठरवा," ताई म्हणाली. "हे आलेत. काय सांगू ह्यांना?"

"बसा म्हणावं," दाजी म्हणाले.

करवतवाला एका पालथ्या खोक्यावर बसला. "मी कुणाच्या बाजूने बसू?" त्याने विचारलं.

"गप्प बसा, तीच बाजू," ताई म्हणाली.

निव्वळ दाजींना खोटं पाडायचं म्हणून मी हॅण्डल परत हातात घेतलं. डोळे मिटले आणि त्यांच्यासारखंच फिरवलं, सावकाश, जोर न लावता. अर्ध्या फेऱ्यापर्यंत सगळं तुपासारखं चाललं होतं. मग बोटांना ते लागलं. नखाएवढं काहीतरी, धातूवर धातू टेकल्याचं. मी मागे घेतलं, पुढे नेलं. परत तेच. मी ते बटण दाबलं असतं तर हा नखाएवढा स्पर्श मिनिटाला शेकडो घणांचा झाला असता. ब्लॉक गेला असता. समोर करवत बसलेलीच होती.

मी नट सोडवले, दाजींनी दुसऱ्या बाजूने धरलं आणि आम्ही हेड उचलून बाजूला ठेवलं. तिसऱ्या पिस्टनच्या माथ्यावर, कडेला, एक चकचकीत कोर उमटली होती. जे काम मी वर्कशॉपमध्येच करायला हवं होतं ते तिथे केलं, एकेक पिस्टन वर आणून चौघांचं माप घेतलं. तिघे बरोबर होते. तिसरा दोन पोस्टकार्डांच्या जाडीएवढा उंच येत होता.

पिस्टन चारही नवे, एका खोक्यातले. मग उंच येतो कसा? त्याला खालून ढकलणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, लांब असेल तरच. रॉड मी बदलले नव्हते. ते बाबांनी बसवलेले होते.

जुने भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचे, हा बाबांचा नियम, म्हणून जुने पिस्टन पेटीत घालून मी बरोबरच आणले होते. तिसरा काढला. माथ्यावर वर्षानुवर्षांची काजळी बसली होती. रॉकेलमध्ये भिजवून मी ती खरवडली, आणि खालून कानशीचे ओरखडे दिसायला लागले. दोन घाव असे, दोन घाव तिरके, परत दोन असे. यंत्राने केलेलं काम नव्हतं ते. बाबांचा हात होता. तसे आडवे-तिरपे घाव घालायला त्यांनीच मला शिकवलं होतं.

ताईने पिस्टन माझ्या हातातून घेतला आणि उजेडात धरला. "हा तोच," ती म्हणाली. "तू तेव्हा जेमतेम चालायला लागली होतीस. झाडं माझ्या गुडघ्याएवढी होती. भर उन्हाळ्यात ट्रॅक्टरचं आतलं काहीतरी वाकलं. बाबा सायकलवरून कुठे कुठे फिरले आणि एक दांडा घेऊन आले. तो निघाला दुसऱ्याच ट्रॅक्टरचा, जरासा लांब. हवा तो मिळत नव्हता. मग ह्याच पायरीवर बसून दुपारभर कानस चालवत होते. मी पाणी नेऊन दिलं तर म्हणाले, एक भाऊ जरा उंच निघालाय, त्याचे केस कापतोय."

"आणि मग?"

"मग काय? दुसऱ्या दिवशी पाणी वर गेलं. झाडं जगली."

बाबा खोटं बोलले नव्हते. चौघे भाऊ एका मापाचे होतेच, कारण त्यांनी पायरीवर बसून ते तसे केले होते. ह्या झाडांसाठीच केले होते. मी ते सहज मिळालेलं समजून चाळीस वर्षांनी आयते सदरे शिवायला निघाले होते. मी तिथे शेडमध्ये, करवतवाल्यासमोर, डोळे पुसले आणि हाताचं काळं गालाला लावून घेतलं. ताईने मला फडकं दिलं. रडायचं नाही, हे ती ह्या वेळी म्हणाली नाही.

"आता काय करायचं ते सांग," ती म्हणाली.

"केस कापायचे," मी म्हटलं.

वर्कशॉपला जाऊन यायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. तिसरा पिस्टन वर आणला, कडेने ग्रीसचा कठडा केला म्हणजे कीस आत पडणार नाही, बाकीच्या भोकांत फडकी कोंबली आणि कानस घेतली. दोन घाव असे, दोन तिरके. दाजी शेजारी उभे राहून कीस टिपत होते. बोटांना आपोआप बाबांची चाल आली. थोडं घासायचं, पुसायचं, मोजायचं. आज मात्र मी दर वेळी मोजत होते.

माप जुळलं तेव्हा मी ताईला हाक मारली. "कणकेचा गोळा दे बरं."

"का? पिस्टनला भूक लागली?"

"त्याच्या डोक्यावर ठेवायचाय."

कणीक तेलात बुडवून तिचा एकेक लहान गोळा चारही पिस्टनवर ठेवायचा, हेड बसवून आवळायचं आणि इंजिन हाताने फिरवायचं. परत उघडलं की कणीक जेवढी चेपायची तेवढी चेपलेली असते. तिची जाडी म्हणजे वर उरलेली जागा. डोळ्याला दिसत नाही ते कणीक दाखवते. चारही चकत्या मी सुरीने कापून फळीवर मांडल्या. चारही एका जाडीच्या होत्या. करवतवाला खोक्यावरून उठून बघायला आला. "आमच्याकडे असं काही नसतं," तो म्हणाला. "आमचं चुकलं तर झाड सांगतं, अंगावर पडून."

हेड आणि ब्लॉकच्या मधे बसणारं तांब्याचं गॅस्केट ताईच्या शेगडीवर लाल करून पाण्यात बुडवलं, म्हणजे ते परत मऊ होतं आणि नव्यासारखं बसतं. हेड चढवलं, नट ओळीने आवळले, आणि मग मी बाजूला सरून दाजींना हॅण्डल दिलं. मागितलं नव्हतं त्यांनी. त्यांनी दोन फेरे फिरवले. मग आणखी दोन फिरवले.

"कसं आहे?" मी विचारलं.

फडक्यावरचे प्लग उचलून त्यांनी एकेक बसवायला घेतले. दाजींच्या मानाने हे फार लवकर आलेलं उत्तर होतं.

बॅटरीची तार परत जोडून मी बटण दाबलं, आणि इंजिन दुसऱ्याच झटक्याला उठलं. आधी खोकलं, मग त्याचा आवाज एका लयीत आला, जाड आणि भरीव. तो आवाज ह्या म्हाताऱ्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. ताईने टँकर स्वतः भरला. अर्ध्यावर मी हात वर केला, तिने बघून न बघितल्यासारखं केलं आणि झाकणातून पाणी सांडेपर्यंत नळी धरून ठेवली. "भरला म्हणजे भरला," ती म्हणाली.

दाजी चालवायला बसले. आम्ही तिघं मागून चालत निघालो. चढाच्या सुरुवातीला ठीक होतं. वळणावर, दर वेळी बंद पडायचा त्याच जागी, आवाज खाली बसला. मग आतून कुणीतरी खांदा द्यावा तसा आवाज परत उठला, मागची चाकं माती धरून पुढे सरकली आणि भरला टँकर वळण घेऊन वर गेला. दोन्ही बाजूंच्या फांद्या त्याच्या अंगाला न लागता जवळून गेल्या, वीतभर अंतरावरून. बाबांनी सोडलेली वीत.

सगळ्यात वरच्या रांगेत दाजींनी ट्रॅक्टर उभा केला. पहिल्या झाडाच्या आळ्यात पाणी पडलं. माती इतकी तहानलेली होती की पाणी पडताच ती चर्र वाजली. ताई आमच्याकडे पाठ करून आळ्याजवळ उभी होती. बऱ्याच वेळाने तिने बाहीने तोंड पुसलं आणि ती करवतवाल्याकडे वळली.

"आलाच आहात तर वाळक्या फांद्या तेवढ्या काढून द्या," ती म्हणाली. "झाड सोडून."

संध्याकाळी आम्ही शेडच्या पायरीवर चहा घेत बसलो. त्याच पायरीवर. धन्यवाद म्हणायची मला सवय नाही, घशात अडकतं. पण त्या दिवशी अडकलं नाही. "दाजी," मी म्हटलं, "आज तुम्ही मला थांबवलं नसतं तर इंजिन गेलं असतं आणि झाडंही गेली असती. मी वाटेल ते बोलले. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

दाजींनी कपावर फुंकर घातली आणि ते चहा प्यायले. ताई माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. कासवाकडून आणखी काय अपेक्षा करणार?

अंधार पडायच्या आत निघावं म्हणून मी हत्यारं गाडीत भरत होते, तेव्हा दाजी हळूहळू चालत आले. हातात अजून ते हॅण्डल होतं. फडक्याने पुसून स्वच्छ केलं होतं.

"मघाशी उपकार म्हणालीस ना," ते म्हणाले, "ते माझे नाहीत."

"मग कुणाचे?"

"आमचं लग्न झालं त्या वर्षी बाबांनी मला हे धरायला शिकवलं. अंगठा कुठे ठेवायचा ते. तेव्हा म्हणाले, धाकटीचा हात माझ्याहून चांगला आहे. फक्त घाईचा आहे. मी नसेन तेव्हा तिच्या मागून तुम्ही एकदा हाताने फिरवून बघत जा. पण तिला सांगू नका, चिडेल."

मी गाडीचं दार धरून उभी राहिले. पंप, बिजागरी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. इतकी वर्षं ह्या माणसाने माझी बोलणी खाल्ली आणि तोंडातून शब्द काढला नाही. आणि बाबा. माझा हात चांगला आहे, हे त्यांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना तसं कधी वाटलंच नाही. त्यांनी ते माझ्यासाठी दाजींकडे ठेवून दिलं होतं.

"चिडलीस का?" दाजींनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. आणि परत म्हटलं, "नाही हो दाजी." मग तेलाचा डबा हातात घेतला. "फाटकाची बिजागरी परत कुरकुरतेय. जाता जाता तेल घालते. चला, या फिरवून बघायला."

ह्या वेळी ते लगेच आले. मी तेल घातलं, आणि त्यांनी फाटक उघडून, मिटून, परत उघडून बघेपर्यंत शेजारी उभी राहिले.